चौथ्या खाटेवरचं रक्त

विलासचं रक्त पुन्हा आटलं होतं.

इंदुताईंनी नळी उजेडाकडे धरली. हिमोग्लोबिन साडेतीन ग्रॅम! बुधवारी बाटली चढवल्यावर सहा होतं. आज शुक्रवार, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी. गेल्या शुक्रवारीही हेच झालं होतं.

भोसरीच्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यात रक्त तपासायला त्या एकट्याच. शहात्तर सालच्या हिवतापानं त्यांना नवऱ्याच्या तोंडापेक्षा सूक्ष्मदर्शकच जास्त दाखवला होता. पण विलासचा हिवताप गोळ्यांनी केव्हाच उतरला होता; त्याच्या रक्ताच्या काचेवर आठ दिवसांत एकही जंतू नव्हता.

मग रक्त खातंय कोण?

"ह्या बाईनं इख घातलंया!" विलासचा थोरला भाऊ कोंडीराम खाटेपाशी ओरडत होता. "माझ्या अंगातली बाटली दिली, तीबी जिरली!"

त्यानंच बोलावलेले हवालदार मालोजी वही उघडून उभे होते. विलासची बायको चतुराबाई भिंतीला टेकली होती. दुपारी तिला चौकीवर नेणार होते.

"डबा कोण आणतं?" इंदुताईंनी विचारलं.

"मीच. रोज."

"त्यातलं तुम्ही खाता?"

"उरलेलं. उरतंच की. त्यास्नी घास जातोय कुठं?"

विलासनं डोळे उघडले. पिवळेजर्द. "ताई, कानात प्रेस चाललाय."

"कंपनीत प्रेसच्या मशीनवर शेवटचं कधी होतात?"

"पंधरा दिस झालं. आवाज कालपास्नं. मागल्या गुरुवारीबी आला व्हता."

खाटेच्या पायावरून मुंग्यांची रांग उशीकडे चालली होती.

"गूळ कुणी दिला?"

"दादानं. काल गुरुवारची त्याची सुट्टी व्हती न्हवं."

रक्ताच्या तपासणीची पुण्याहून आलेली चिठ्ठी इंदुताईंनी पुन्हा वाचली. लाल पेशींवर शरीराच्याच प्रतिपिंडांचा थर. त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"हवालदार, डबा रोज येतो. रक्त मात्र शुक्रवारीच आटतं. विष असतं, तर उरलेलं खाणारी ही बाई धडधाकट कशी?" मग त्या वळल्या. "कोंडीराम, गुळात काय होतं?"

"गूळच."

"हिवतापाच्या औषधांत कानात घणघण उठवणारं मला एकच ठाऊक आहे. आणि ते आम्ही त्याला दिलेलं नाही."

कोंडीरामानं खिशातून पुडी काढली. "कोयनेल. तुमच्या गोळ्या बारक्या. आमच्या चाळीत तापातनं समदे ह्यानंच उठत्यात. मागल्या गुरुवारी घरीबी दिलं व्हतं. टेंपररी हाय तो, ताई. सोमवारी हजर न्हाई झाला तर नाव कटंल."

"ऐका. शरीरात राखणदार असतात. हिवतापानं ते आधीच बिथरलेले. त्यात एखाद्याच्या पेशींना कोयनेल, म्हणजे क्विनीन, चिकटलं, की ते स्वतःच्याच रक्तावर तुटून पडतात. तुमच्या बाटलीतलं रक्तही त्यांनीच फोडलं. मारणारं त्याचंच अंग. चिथावणारे तुम्ही."

मालोजींनी वही मिटली. कोंडीराम पुडी चुरगाळत खाली बसला.

"जगंल का?" चतुराबाईनं विचारलं.

"कोयनेलचा जोर ओसरेपर्यंत टिकला, तर," डॉक्टर म्हणाले. "निदान दोन बाटल्या हव्यात. आज."

"माझी घ्या," कोंडीराम पुटपुटला.

"तुमची परवाच घेतली. आता तीन महिने नाही."

चतुराबाई दिरासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, उठा. तीनला कंपनीची शिफ्ट सुटती. मला इख घालणारी म्हणालात ना, त्याच आवाजात गेटवर रक्त मागा."