सोळा रविवारांचे निरोप

"थांगथांग, बाळा, बाहेर बर्फ पडलंय गं... लोकरीचे मोजे घालूनच शाळेत जा, नाहीतर पाय गारठतील!"

मोबाईलमधून आजीचा आवाज आला आणि सूयुनच्या हातातली वाटी हातातच राहिली. मे महिन्याचा मध्य, रविवारची दुपार, डोक्यावर पंखा गरगरतोय, थांगथांगच्या कपाळावरून घाम निथळून कमळकाकडीच्या सूपमध्ये पडायच्या बेतात... आणि आजी म्हणतेय बर्फ!

थांगथांगनं निरोप संपेपर्यंत ऐकला. मग पुन्हा एकदा लावला. मग आईकडे पाहिलं.

"वय झालं गं त्यांचं," सूयुन घाईघाईनं म्हणाली. "मे काय नि माघ काय, सगळं एकच त्यांना. तू मासा खा. डोकं खा आधी, डोक्यानं डोकं चालतं."

"हो," थांगथांग म्हणाली, आणि माशाचं डोकं खाल्लं. एकही प्रश्न विचारला नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नानं सूयुनच्या काळजात असं काही गार गार सरकलं, की पंखा बंद करावा की काय असं तिला वाटून गेलं!

पोरीची आजी, म्हणजे सूयुनची सासू, तिकडे डोंगरातल्या गावी अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ. फेब्रुवारीत चिनी नव्या वर्षाचे फटाके अजून वाजतच होते आणि डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळा निघणं कठीण. म्हातारीनं ते ऐकून घेतलं, एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या लेकीला, छाईश्याला, म्हणाली, मोबाईल धर. जूनमधल्या पोरीच्या मोठ्या परीक्षेपर्यंत रविवार किती? सोळा? मग सोळा निरोप, दर रविवारी एक पाठवायचा. एका बैठकीत, उशीला टेकून, मधे मधे धापा टाकत तिनं सोळा रविवार बोलून ठेवले. बर्फाचा एक, पीचच्या फुलांचा एक, चहाच्या कोवळ्या पानांचा एक... आणि मग सगळ्यांना शपथ घातली. पेपर संपेपर्यंत पोरीच्या कानावर काही जाता कामा नये! मी मेले तरीसुद्धा!

त्यात जगावेगळं काहीच नव्हतं. शाळेच्या मागच्या ज्या पाच मजली इमारतीत सूयुन राहायची, तिथे बत्तीस आया आपापल्या बारावीच्या पोरांसाठी खोल्या घेऊन राहत होत्या, आणि बत्तीस जणींनी काही ना काही लपवलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची बाई नवऱ्यापासून केव्हाच वेगळी झाली होती, तरी दर रविवारी तो टाय लावून जेवायला यायचा आणि दोघं एकमेकांच्या ताटात प्रेमानं मांस वाढायची, दातओठ खात. चौथ्या मजल्यावरच्या पोराचा बाप जिन्यावरून पडून पाय मोडून बसला होता. पोराला सांगितलं होतं, बाबा प्रशिक्षणाला गेलेत. शेजारच्या हाओहाओच्या आईची तर कीर्तीच निराळी. तळ्यातले बेडूक ओरडून मुलांचं लक्ष उडवतात म्हणून बायका जाळी घेऊन निघाल्या, तेव्हा ही कमरेइतक्या चिखलात रुतली, आणि अभ्यासाची वेळ होती म्हणून पाऊण तास तोंडातून अवाक्षर न काढता तशीच उभी राहिली! बेडूक मात्र तिच्याभोवती बसून ओरडत होते.

सूयुनचं काम त्याहून सोपं होतं. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. म्हणजे चार येत होती, ए, बी, सी, डी. तेवढ्या भांडवलावर ती तीन वर्षं लेकीचे इंग्रजी उतारे तपासत आली होती. रोज चार उतारे, पंधरा प्रश्न. डाव्या हाताला उत्तरांचा कागद, उजव्या हातात लाल पेन, जुळलं की बरोबर, नाही जुळलं की फुली. जगात कुठे कुठे काय काय घडतं ते सगळं तिच्या पेनाखालून गेलं होतं आणि तिला त्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. थांगथांगच्या चुका पंधरात एक, फार तर दोन.

त्या बर्फाच्या रविवारनंतर मात्र... सोमवारी चार फुल्या. मंगळवारी सहा. बुधवारी एका उताऱ्याचे चारही प्रश्न चुकले! सूयुननं कागद उलटा धरलाय का पाहिलं. उत्तरांचा कागद दुसऱ्याच दिवसाचा आहे का पाहिलं. मग तिनं भिंतीवर पाहिलं. तिथे तिच्याच हातानं लिहिलेला आकडा होता, परीक्षेला वीस दिवस.

गुरुवारी सकाळी ती शाळेत न्ये बाईंसमोर उभी राहिली. न्ये बाई इंग्रजी शिकवायच्या, पण वर्गात शिरल्या की एखादा फौजदार आल्यासारखं वाटायचं. "पुरावा! उताऱ्यात पुरावा कुठाय ते दाखव!" हे त्यांचं पालुपद.

"बसा, थांगथांगच्या आई. मी तुम्हाला बोलावणारच होते. हा उतारा बघा."

"बाई, मला वाचता नाही येत."

"सांगते ना. अमेरिकेतला एक म्हातारा आहे. शेतात भोपळे लावतो आणि शहरातल्या नातीला दर आठवड्याला पत्र पाठवतो. मी मजेत आहे, भोपळा एवढा झाला, भोपळा तेवढा झाला. बस्स. पुढे प्रश्न, म्हातारा कसा आहे? उत्तर ए, समाधानी. वर्गातला सगळ्यात ढ पोरगासुद्धा ए लिहितो. तुमच्या मुलीनं डी लिहिलं. डी म्हणजे काय, तर त्याला आजार आहे आणि तो लपवतोय!"

सूयुननं तो कागद आपल्याकडे ओढला.

"वीस वर्षांत डी लिहिणारं कुणी भेटलं नाही मला," न्ये बाई म्हणाल्या. "ती लिहिलेलं वाचतच नाही आता. नसलेलं शोधत बसते. सगळे उतारे खोटं बोलतायत असं तिला वाटतं. परवा वर्गात म्हणाली, बाई, जो एवढं मजेत आहे मजेत आहे म्हणतो, तो मजेत नसतो. आणि हे बघा, समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय. हे तरी तुमच्याच भाषेत आहे."

बारीक, नेटक्या अक्षरात एकच ओळ होती. ही पत्रं आधीच लिहून ठेवलेली आहेत.

बाहेर मैदानात मुलं एका सुरात काहीतरी घोकत होती. तो घोष सूयुनला कुणाच्या तरी प्रेतयात्रेसारखा ऐकू आला.

"घरी काही झालंय का?" न्ये बाईंनी आवाज खाली आणला.

खोटं बोलायला सूयुनचं तोंड उघडलंही होतं, तीन महिन्यांची सवय! पण ती बाईंच्या टेबलावरच्या, मुलांच्या बुद्धीसाठी आणलेल्या अक्रोडांच्या ढिगाकडे पाहत हमसून हमसून रडायला लागली... आणि सगळं सांगून बसली. शेवटी म्हणाली, "बाई, मी तिला गावी नेते."

"आत्ता?" न्ये बाई खुर्चीतून उठल्याच. "तीन दिवस म्हणजे बारा उतारे बुडाले! जाऊन काय करणार? इथे काय कमी रडतात मुली?" मग त्या खिडकीशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "न्या. असंही ती एकही उतारा धड सोडवत नाहीये. मी रजा लिहिते. कारण विचारलं तर... ताप म्हणून लिहू ना?"

"नको," सूयुन म्हणाली. "खरंच लिहा."

शाळेच्या जिन्यातच तिनं छाईश्याला फोन लावला.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नणंद इतक्या जोरात ओरडली की वरच्या पायरीवरच्या दोन मुली थबकल्या. "वीसही दिवस राहिले नाहीत! आईनं शपथ घातलीय! उद्या पोरगी नापास झाली तर आमचा भाऊ तिकडे गोदीत मरमर राबतोय ते कुणासाठी?"

"वन्सं, तुम्ही चुकीचा निरोप पाठवलात. बर्फाचा."

पलीकडे नणंदेनं घसा खाकरला.

"मोबाईलमध्ये सगळे सारखेच दिसतात ते! मी काय शिकलेली आहे का? आणि हे बघ, काही कमीजास्त झालं तर मी सगळ्या भावकीत सांगेन, सुनेनं शपथ मोडली म्हणून!"

"सांगा," सूयुन म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "माझं नाव घेऊन सांगा."

दुपारी थांगथांग जेवायला आली तर पलंगावर पिशवी भरलेली. ती दारातच उभी राहिली. चेहरा कागदासारखा पांढरा.

"बस," सूयुन म्हणाली. किती वेळा मनात घोळवलं होतं तिनं. "बाळा... तुझ्यापासून लपवलं मी. आजी आजारी आहे. फार आजारी. पोटात गाठ आहे आणि—"

"आजारी?" थांगथांगनं तिचा हात घट्ट धरला. नखं रुतली. "आजारी म्हणजे... आहे? आई, आजी जिवंत आहे?"

सूयुननं होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, ती गेली," पोरगी बोलायला लागली आणि थांबेचना. "मार्चमध्येच गेली असं वाटलं. पीचच्या निरोपात मागे फटाके वाजत होते, नव्या वर्षाचे. मी 'आजी, काय जेवलीस?' विचारलं तर कधीच उत्तर येत नव्हतं. आत्या कॅमेरा लावायची नाही. बाबा फोनवर आजीचं नाव निघालं की हवापाण्याचं बोलायचे. मी सगळं वहीत लिहून काढलं, आई, एकाखाली एक. दुसरं उत्तरच निघत नव्हतं! मग बर्फाचा आला आणि मी म्हटलं, आता खात्रीच झाली..."

"दोन महिने?" सूयुनचा आवाज चिरकला. "दोन महिने तू हे एकटीनं... आणि मला विचारलं नाहीस?"

"तू किती जिवापाड लपवत होतीस! मी विचारलं असतं तर तू मोडून पडली असतीस. मी ठरवलं होतं, पेपर झाल्यावर तू सांगशील तेव्हा मी आत्ताच कळल्यासारखं रडेन."

अरे देवा! सूयुननं लेकीला छातीशी कवटाळलं. रोज ती लाल पेन घेऊन हिची उत्तरं तपासत होती, समोर बसून, हाताच्या अंतरावर... आणि ही पोर एका मेलेल्या माणसाचे निरोप ऐकत, माशाचं डोकं खात, रात्रंदिवस मनातल्या मनात सुतक पाळत होती! आईच्या हृदयाला शतशः तडे गेले. भिंतीपलीकडून हाओहाओच्या आईनं हळूच टकटक केलं. अभ्यासाची वेळ आहे, आवाज कमी करा.

"तुमच्या बेडकांना सांगा!" सूयुन ओरडली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती त्या इमारतीत ओरडली.

बस डोंगर चढत होती तेव्हा थांगथांग सारखी एकच गोष्ट विचारत होती, "आपण पोहोचेपर्यंत राहील ना?" आणि सूयुन तीन महिन्यांत पहिल्यांदा म्हणत होती, "माहीत नाही गं." चहाच्या मळ्यांवर ढग उतरले होते. एका वळणावर रस्त्यात कावळा मरून पडला होता, तो पाहून ड्रायव्हर थुंकला. सूयुननं लेकीचे डोळे झाकले नाहीत.

घराच्या अंगणात छाईश्या कमरेवर हात ठेवून उभी होती, पण थांगथांग तिच्या बाजूनं वाऱ्यासारखी आत शिरली. आतून एक किंकाळी आली. सूयुन धावत उंबऱ्यापर्यंत आली. गेल्या!... आपण उशीर केला...

"कुणी आणलं हिला?" आतून खरखरीत आवाज गरजला. "कुणी आणलं? परीक्षा काय तुमचा बाप देणार आहे?"

म्हातारी उशीवर उठून बसायची धडपड करत होती. अंगावर नुसती हाडं, डोळे खोल गेलेले, पण जीभ शाबूत. थांगथांग तिच्या पायांना मिठी मारून इतक्या मोठ्यानं रडत होती की तिला शिव्या ऐकूच जात नव्हत्या.

"मी आणलं, आई," सूयुन पुढे झाली.

"तूच! मला वाटलंच! एवढं एक काम सांगितलं होतं तुला, गप्प राहायचं! जगात सगळ्यात सोपं काम! तेही जमलं नाही?"

"नाही जमलं," सूयुन म्हणाली.

"आई, मी सांगत होते हिला," दारातून छाईश्या.

"तू गप! बर्फ कुणी पाठवलं मेमध्ये? मला सगळं कळतं!" म्हातारीला ढास लागली. खोकल्याबरोबर रुमालावर काळपट डाग उतरला. ती डोळे मिटून पडली. तिचा सुकलेला हात नातीच्या केसांत गेला आणि तिथेच राहिला.

"किती वाळलीय," ती पुटपुटली. "जा गं, आत्या खाऊ घालेल. आधी खा. मग रड."

पोरगी आत्याबरोबर स्वयंपाकघरात गेली. खोलीत दोघीच उरल्या. सूयुन खाली मान घालून पुढच्या बोलण्याची वाट पाहत होती.

"मी सतरा वर्षांची होते," म्हातारी छताकडे बघत म्हणाली. "याच घरात नवी नवी आलेली. चहाची तोडणी चालू होती. माझी आई गेली, डोंगरापलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. इथे सगळ्यांना कळलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. हात चालायला हवे होते ना माझे! तोडणी संपली, चाळीस दिवस झाले, मग सासूनं सांगितलं. चहा पिता पिता."

सूयुननं वर पाहिलं. एकोणीस वर्षांत हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"सगळे म्हणाले, तुझ्या भल्यासाठी. सासू मेली तेव्हा मी रडले नाही. लोकांनी पाहिलं. मी मुद्दाम पाहू दिलं." म्हातारीचा श्वास अडखळला. "आणि तेच मी... माझ्या हातानं... या पोरीला..."

"आई, बोलू नका."

"बोलते. किती दिवस राहिलेत?" तिनं सूयुनचं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता, तरी सूयुनला ती सोडवता आली नसती. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस. ऐकतेस का? बरं झालं."

सूयुननं तो हात आपल्या ओल्या गालाला लावला. तिकडे स्वयंपाकघरात छाईश्या भाचीला सांगत होती, तुला आणायचं म्हणून मीच तुझ्या आईच्या मागे लागले होते.

"आई!" वाफाळती वाटी हातात घेऊन थांगथांग दाराशी आली. दोघींचे चेहरे पाहून ती थबकली. "आजी काय म्हणत होती?"

"काही नाही, तू—"

सूयुन मधेच थांबली. म्हातारीनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं.

"ये," सूयुन सरकून जागा करत म्हणाली. "बस इथे. आजीच्या आईबद्दल बोलत होतो आम्ही. तिच्याच तोंडून ऐक."