बिनपायऱ्यांचा काठ

हातमोजे आणायला निघाले होते मी. भर उन्हाळ्यात, लोकरीचे, आणि तेही फक्त उजव्या हाताला. दुकानदार दात काढत म्हणाला, "ताई, डाव्याचं लोणचं घालू का?" एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. शिलाईचं दुकान आहे माझं, गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायची रोजची सवय. पण त्या दिवशी गुपचूप जोडी उचलली आणि घर गाठलं. घरी माझे बाबा उजवा हात काखेत घालून बसले होते. बाकी अंग घामानं निथळत होतं, आणि तो एक हात बर्फासारखा गार.

बसा, सांगते. तो दिवा जरा इकडे सरकवा. तुम्हाला ही भुताची गोष्ट वाटेल. मला मात्र सांगताना आधी राग येतो, भीती मागाहून येते.

बाबा जन्मभर नावाडी. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची. आमच्या धक्क्याला जुन्या दगडी पायऱ्या होत्या. होडी टेकली की बाबा आधी उतरायचे, उजवा हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "सावकाश… पाय जपून." म्हातारी असो, पोटुशी असो, झिंगलेला असो, हात सगळ्यांना सारखाच. आणि नावाड्यांचे दोन नेम होते. अगदी खालची, पाण्यातली पायरी ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही. ती बुडालेल्यांची. ते तिथवर येतात, बसतात, वर चढत नाहीत. दुसरा नेम म्हणजे रिकाम्या पाण्याकडे हात करायचा नाही. लहानपणी मी विचारायची, "का हो बाबा?" तर हसून म्हणायचे, "कुणी धरला तर?"

मग काठाचं सुशोभीकरण निघालं. त्याचा नकाशा काढणारी एक डिझायनर बाई होती. पायऱ्या तिला जुनाट वाटायच्या. "काठ कसा सलग हवा, डोळ्याला कुठे अडायला नको." झालं! पायऱ्यांवर काँक्रीट ओतलं, वर गुळगुळीत फरशी, खालून दिवे, आणि आडवं होता येणार नाही अशी बाकडी. नाव बंद. बाबा घरी. आणि मग तिथेच, त्याच जागी, नावाड्याचा ब्राँझचा पुतळा बसवायचं ठरलं. म्हणे नदीच्या आठवणी जपायच्या आहेत! अहो, आठवण घरात खाटेवर बसून भिंतीकडे बघत होती, तिला कुणी विचारलं?

हात मात्र मागायला आले. शिल्पकार तरुण होता, स्वभावानं बरा. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं बाबांच्या उजव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला. बाबा सकाळपासून दाढीबिढी करून तयार. तळवा वर, बोटं उघडी, उतारूला द्यायचा तसाच हात. साचा सुकेपर्यंत बाबा हलले नाहीत, नाक खाजलं तर मी खाजवून दिलं.

पुतळा आधी फिरायला येणाऱ्यांकडे तोंड करून उभा केला होता. लोक त्याचा हात हातात घेऊन फोटो काढायचे. एक दिवस बाबा जेवता जेवता थांबले, तळवा चोळला आणि म्हणाले, "आज शाळेची सहल आलीय वाटतं." मी म्हटलं, म्हाताऱ्याची गंमत. पण दुकानात जाताना मुद्दाम काठाकडून गेले. बस उभी होती, आणि पोरं रांग लावून पुतळ्याचा हात धरत होती. दुकान उघडायचं राहिलं, मी तशीच घरी परतले. बाबांना मात्र मजा वाटायची. "लहान बोटं होती गं," म्हणायचे, "सोडवेना मला."

मग उद्घाटनाच्या तोंडावर बाईनं पुतळा फिरवला. पलीकडच्या काठावर मोठी हॉटेलं आहेत, तिथून म्हणे नुसती पाठ दिसते. केलं तोंड पाण्याकडे. हात रिकाम्या पाण्यावर.

त्याच दिवशी दिवेलागणीला बाबांच्या हातातला पेला पडला.

"पोरी… कुणीतरी हात धरलाय."

"असेल कुणी फोटोवाला."

"नाही. ओला आहे. आणि… सोडत नाही."

तेव्हापासून तो हातमोजा. चढवला की थोड्याच वेळात ठिबकायला लागायचा. मी मोरीत पिळायचे, तर काळं पाणी निघायचं, शेवाळाच्या वासाचं. घरात नळाचं पाणी, आणि वास धक्क्याखालचा. सकाळी उठून बघावं तर बाबा खाटेवरून घसरलेले, हात नदीच्या दिशेला ताणलेला, खांदा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, शीर आखडली असेल. डॉक्टर गेल्यावर बाबा हळूच बोलले, "ओढ वाढतेय रोज. आज ना उद्या नेणार मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक त्या बाईचं ऑफिस गाठलं. तिथेही सगळं सलग, एक उंबरा म्हणून नाही.

"मॅडम, पुतळा फिरवा. तोंड परत जमिनीकडे करा."

"का?"

मी सगळं सांगितलं. पायरी, नेम, हातमोजा. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. हे तर मला शिवीपेक्षा झोंबलं.

"तुमच्या भावना मी समजू शकते," ती म्हणाली. "पण पुतळा तिथून किती सुंदर दिसतो, बघितलंत का?"

"तुम्ही त्याचा हात बघितलात का?"

"म्हणजे?"

"जन्मभर ज्यानं माणसं उतरवली, त्याचा हात पाण्यात धरून ठेवलाय तुम्ही! खालची एक पायरी ठेवायची होती ना त्यांना बसायला. एक! तेवढीही खुपली तुमच्या डोळ्यांना?"

शिपायानं मला बाहेर काढलं. मी रस्त्यावरूनच शिल्पकाराला फोन केला, तो बिचारा काम टाकून आला. ऊन उतरत होतं. आम्ही दोघं कठड्याला पोट लावून वाकलो. फरशी कोरडी, कठडा कोरडा, पुतळ्याची टोपी तापलेली. फक्त तो हात ओला होता. कोपरापासून खाली पाणी ओघळत होतं.

शिल्पकार आणखी खाली वाकला. मग म्हणाला, "ताई… मी बोटं उघडी केली होती."

बोटं मिटलेली होती. घट्ट. कुणाचं तरी मनगट धरल्यासारखी, किंवा कुणी धरलेलं सोडवायला बघत असल्यासारखी.

त्यानं बाईला कसं पटवलं ते मला ठाऊक नाही. पुतळ्याखालचं माझं नाव खोडून टाका म्हणाला, असं नंतर कळलं. सकाळी क्रेन आली. बाईही आली, काळा चष्मा लावून, घड्याळ बघत. बाबांना घरी ठेवायची माझी छाती झाली नाही, म्हणून त्यांना आणून बाकड्यावर बसवलं. उजवा हात ताठ पुढे, सुटेना.

क्रेननं पट्टे आवळले. इंजिन गुरगुरलं, पुतळा जागचा हलेना. क्रेनवाला ओरडला, "कागदावर लिहिलंय त्याच्या दुप्पट वजन आहे हो!" पट्टे करकरले. आणि मग चौथऱ्यावरून सुटून पुतळा हळूहळू जमिनीकडे वळायला लागला. बाबांचा हात बरोबर त्याच्यासारखा वळत होता. चेहरा वेदनेनं वाकडा झाला होता, आणि एकाएकी तो निवळला. इतक्या महिन्यांत न बघितलेला चेहरा. बाबांनी बोटं उघडली.

"सावकाश…" ते म्हणाले. "पाय जपून."

मग हात परत पुढे केला. "सावकाश… पाय जपून." पुन्हा. आणि पुन्हा.

"बाबा… कोण आहे?"

"उतारू," बाबा म्हणाले.

कोरड्या फरशीवर ओली पावलं उमटत होती. आधी एक जोडी, मग तिच्या मागे दुसरी. लहान, मोठी, एक पाय ओढत चालणारी. बाकड्यांना वळसा घालून, शहराच्या दिशेनं. परत येणारं एकही नव्हतं. तिथल्या झाडूवाल्यानं बादली उचलली आणि बाजूला झाला. बाईनं चष्मा काढला होता. मी तिच्याकडे बघून ओरडले, "बघा! आता बघा ना तुमचा सलग काठ!" माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

बाबा बरे आहेत. हात गरम आहे, खांद्याची सूज गेली. हातमोजे मी चुलीत घातले. फक्त आमच्या इमारतीची खालची पायरी आता रोज ओली असते, आजूबाजूच्या सगळ्यांचीच असते. बाबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "ओलांडून ये. बसलेत ते. वर नाही चढायचे." मी ओलांडते. सवय झाली.

परवा संध्याकाळी बाईचा फोन आला. आवाज इतका बारीक, मला आधी ओळखूच येईना.

"तुमच्या बाबांना विचाराल का… त्यांना थांबवायचं कसं?"

मी विचारलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तिच्या घराला पायरी आहे का, विचार."

मी तसंच विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. "माझ्या घराला पायरीच नाही. बाहेरची फरशी तशीच… सरळ आत येते."

"मग आजच्या आज एक बांधून घ्या," मी म्हटलं. खरं सांगते, तेव्हाही माझा राग गेला नव्हता.

"आता?" ती कुजबुजली. "आता बांधून काय…"

आणि तिच्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी सावकाश खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी.