एकविसाव्या पायरीचा अहवाल

जिना चौकशी उपसमितीने एकमताने असा ठराव केला की, उपसमितीच्या दोन्ही सदस्यांनी एकमेकांशी लग्न करावं. त्याप्रमाणे ते झालं. जेवण बरं होतं.

वरील मजकूर कामकाजातून वगळण्यात आला आहे. असं काहीही घडलेलं नाही. आपण पहिल्या दिवसापासून सुरू करू, जेव्हा मी फक्त पडले होते.

अभियंते आणि वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेत मी माझा परवाना घ्यायला गेले होते. नवी कोरी आर्किटेक्ट, कडक इस्त्रीचे कपडे, बाहेर रिमझिम. आत शिरल्या शिरल्या मध्यभागी एक बादली, आणि छतातून तिच्यात टप्... टप्. देशभरातल्या धरणांची गळती थांबवणाऱ्या लोकांच्या डोक्यावर स्वतःची गळती पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी जिना चढू लागले. वीस पायऱ्या शहाण्यासारख्या चढले. एकविसावीवर पाऊल अडलं आणि मी वरच्या ग्रंथालयात आडवा प्रवेश केला.

"चारशे बारा," कुणीतरी म्हणालं.

मान वर केली. दाराशी स्टुलावर एक तरुण बसला होता. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, आणि हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न — जो साफ फसला होता.

"काय चारशे बारा?"

"तुम्ही. या वर्षी इथे अडखळलेल्या चारशे बाराव्या. अभिनंदन."

"अहो, हात द्यायचा सोडून मोजताय काय?"

"देणारच होतो... पण आधी नोंद. नाहीतर आकडा चुकतो."

मग त्याने हात दिला. उबदार हात, पेन्सिलीच्या शिशाने काळवंडलेला. माझ्या मनगटावर पाच बोटं उमटली. पुरावा म्हणून मी ती संध्याकाळपर्यंत धुतली नाहीत.

इतक्यात संस्थेचे चिटणीस चहाचा ट्रे घेऊन वर आले. त्यांना सगळे काका म्हणतात. एकविसावी पायरी त्यांनी न बघता, तीस वर्षांच्या सवयीने, टुणकन उडी मारून पार केली. थेंब सांडला नाही.

"आर्किटेक्ट ना? पडलात ना? उत्तम! उपसमितीत आर्किटेक्टची जागा रिकामीच आहे. पडलेल्या माणसाला विषयाची आस्था असते."

उपसमितीची हकीकत अशी. ही पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच आहे. इंजिनिअर म्हणतात, चूक आर्किटेक्टांची. आर्किटेक्ट म्हणतात, इंजिनिअरांची. चौकशीसाठी चाळीस वर्षांपूर्वी दोघांची समिती नेमली, प्रत्येक बाजूचा एकेक सदस्य, आणि अहवालावर दोघांची सही हवी. सही केली की आपल्या बाजूचं नाक कापलं जाणार, म्हणून आजवर कुणी केली नाही. सदस्य म्हातारे झाले, निवृत्त झाले, पायरी तरुणच राहिली.

गंमत म्हणजे संस्था निघाली होती ती नेमकी हेच भांडण मिटवायला. फार पूर्वी एका बाजाराचं छत कोसळलं. तेव्हा अकरा इंजिनिअर आणि सात आर्किटेक्ट, जे तोवर एका परांचीवर चढायला तयार नव्हते, एका टेबलाशी बसले आणि ठरवलं: एकमेकांकडे बोट दाखवायच्या आधी एकमेकांना विचारायचं. त्यातूनच बांधकामाचे नियम आले, परवाने आले, परीक्षा आल्या. आणि दिव्याखाली हा जिना आला.

मला नाही म्हणता आलं नाही. मी सात वर्षांची असताना भूकंप झाला होता. नऊ दिवस आम्ही मैदानात झोपलो. आईला घराकडे बघवत नव्हतं. दहाव्या दिवशी या संस्थेचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ आले. घरोघरी फुकट तपासणी करत हिंडत होते. त्यांनी आमच्या भिंतींवर टकटक केली, कान लावला, तुळईखाली बराच वेळ उभे राहिले. मग दारावर हिरव्या खडूने बरोबरची खूण केली आणि आईला म्हणाले, "ताई, घरात जाऊन झोपा आता. मी सांगतोय ना." त्या रात्री आई जी झोपली, ती घोरायला लागली. इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. त्या खडूचं ऋण होतं. पायरी तर पायरी.

इंजिनिअरांच्या बाजूचा सदस्य म्हणजे तो स्टुलावरचा तरुणच. दर गुरुवारी आम्ही जिना मोजू लागलो. टेप दोघांनी धरावी लागते — या शोधाबद्दल मी टेपवाल्याची आजन्म आभारी आहे. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मधे जेमतेम एक पायरी.

"किती आले?"

"आठ इंच. गेल्या गुरुवारी होते तितकेच."

"दगड आहे, वाढू शकतो. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू?"

"बघायलाच हवं," तो गंभीरपणे म्हणायचा. "शास्त्र आहे, चारशे बारा."

तो मला त्याच नावाने हाक मारायचा. मी त्याला नोंदवही म्हणायचे.

एकच अडचण होती. त्याच्या खिशात बदलीचा हुकूम होता: दोन दिवसांच्या वाटेवर नदीवर पुलाचं काम चाललं होतं, तिथे जायचं. 'उपसमितीचं काम संपेपर्यंत' तेवढी सवलत मिळाली होती. म्हणजे सही झाली की समिती बरखास्त, आणि नोंदवही नदीकाठी. म्हणून मी मोजत राहिले. तोही मोजत राहिला. का, ते मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

आणि मग ग्रंथालयातल्या कपाटाच्या तळाशी एका खोक्यात आम्हाला दोन कागद सापडले. जिना बांधणाऱ्या इंजिनिअरचं आणि आर्किटेक्टचं टिपण. दोघे जिवलग मित्र. झालं होतं असं: जिना आधी बांधला, वरच्या मजल्याची फरशी नंतर बसली. फरशी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा माल मिळून दीड इंच. तो आधीच हिशेबात धरायला हवा होता. आर्किटेक्टने लिहिलं होतं, 'फरशीची जाडी इंजिनिअरसाहेबांनी धरली असेलच, विचारणं बरं दिसणार नाही.' आणि इंजिनिअरने लिहिलं होतं, 'आर्किटेक्टसाहेबांनी धरली असेलच, विचारणं बरं दिसणार नाही.'

आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. खाली बादलीत टप्... टप्.

"म्हणजे चूक कुणाचीच नाही," मी म्हणाले.

"दोघांचीही आहे. अति सभ्यपणा."

अहवाल तयार होता. सही तेवढी राहिली. "पुढच्या गुरुवारी करू," मी म्हणाले. "घाई कशाला," तो म्हणाला.

त्या पुढच्या गुरुवारी काका चहा घेऊन आले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची उडी कमी पडली. कपबशा फुटल्या, काका कोसळले. मी ओरडले. पण मला आठवतं ते दुसरंच. त्याने पेन्सिल फेकली, वही फेकली आणि काकांपाशी धावला. आकडा लिहिला नाही. नंतरही नाही.

काकांचं उजवं मनगट मोडलं. "काही नाही रे," ते दवाखान्यात म्हणाले, "वय झालं. पायरीला नावं ठेवू नका." ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांनाही लाज वाटत होती, आणि कशाची, ते दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी विसाव्या पायरीवर बसून आम्ही शेवटचं कलम लिहिलं. नुसती वरची पायरी फोडून भागत नाही. सगळ्या पायऱ्यांच्या लाद्या उचलायच्या, खालचा माल थोडा थोडा वाढवत न्यायचा. दीड इंच एकवीस जणींत वाटला की एकीलाही जाणवत नाही. त्याने सही केली. मी केली. माझी जरा वाकडी आली.

"झालं," तो म्हणाला. "समिती बरखास्त."

"हो... कधी निघताय?"

"सोमवारी." तो वहीची कड कुरतडत बसला. "एक विचारायचं होतं. म्हणजे... विचारणं बरं दिसणार नाही, पण —"

"असं लिहून ठेवणाऱ्यांचं काय झालं ते आपण दोघांनी वाचलंय," मी म्हणाले. माझा आवाजही वाकडा आला. "चाळीस वर्षं लोक पडतायत. विचार."

"तू... दर गुरुवारी दगड वाढतो म्हणायचीस. तुला खरंच तसं वाटायचं?"

"वेडा आहेस का? आर्किटेक्ट आहे मी!"

"मग?"

"मग तू का मोजत होतास?"

तो हसला. या वेळी दाबलं नाही. "पुलाला आर्किटेक्ट लागत नाही," तो म्हणाला. "मला लागते. येशील?"

मी उत्तर द्यायला उठले आणि एकविसाव्या पायरीला अडखळले. या खेपेला हात आधी आला. नोंद कुणी केलीच नाही.

आता पूल उभा आहे. नदीकाठच्या शाळेचे नकाशे मी काढते, आणि फरशीची जाडी आम्ही एकमेकांना रोज, अगदी जेवतानाही, विचारतो. जिना दुरुस्त झाला. काका आता त्या जागी सवयीने उडी मारतात आणि काहीच होत नाही म्हणून चिडतात. त्यांनी आमच्या लग्नात साक्षीदार म्हणून डाव्या हाताने सही केली. (हे वाक्यही वगळावे.)

प्रति, मा. अध्यक्ष. विषय: कृतज्ञता आणि पायरी.

महोदय, संस्थेने माझ्या आईला झोप दिली, मला परवाना दिला आणि एक इंजिनिअर दिला. याबद्दल आभारी असून विनंती की, संस्थेच्या नियोजित नव्या इमारतीत, अविवाहित सदस्यांच्या सोयीसाठी, किमान एक पायरी दीड इंच उंच ठेवण्यात यावी. शेजारी भक्कम कठडा असावा, वर जाड सतरंजी असावी आणि दाराशी एक स्टूल असावं. स्टुलावर कोण बसेल, याची चिंता अध्यक्षांनी करू नये.