कपिलेचं चाक आणि काळी चारचा कॉम्प्रेसर

दत्तजयंतीची दुपार. करंजवाडीत आप्पांच्या अंगणात दोन म्हातारी माणसं, आप्पांची दहा वर्षांची नात कृत्तिका आणि एक यंत्रमानव असे चौघे जण एका नटाकडे टक लावून बसले होते. नट मागच्या चाकाचा होता, चांगला तांबडालाल गंजलेला होता, आणि एवढी मंडळी दर्शनाला येऊनही जागचा हलत नव्हता.

नटाची मालकीण कपिला, म्हणजे आप्पांची जुनी, हाताने चालवायची मोटार. आता सगळीकडे आपोआप चालणाऱ्या गाड्या झाल्या. बसायचं, गाव सांगायचं आणि डोळे मिटायचे. पण दत्ताचं देऊळ डोंगरावर, आणि तिथला वळणांचा रस्ता त्या गाड्यांच्या नकाशातच नव्हता. सकाळी कृत्तिकेने एक गाडी बोलावून पाहिली. ती गोड आवाजात म्हणाली, "क्षमा करा, असा रस्ता अस्तित्वात नाही," आणि आली तशी निघून गेली.

"मग इतकी वर्षं मी काय गरुडावर बसून जातेय?" अक्काआजी तिच्या मागे ओरडली.

अक्काआजी म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ती कीर्तनकार होती. दत्तजन्म सूर्य मावळताना. त्याआधी आख्यान रंगून पूर्ण व्हायला हवं, आणि बरोबर वेळेवर पाळण्याची दोरी हलायला हवी. कुणाचा नट अडकला म्हणून देव काही जन्म लांबणीवर टाकत नाही. त्यातून आज कृत्तिका पहिल्यांदाच झांज घेऊन अक्काआजीच्या मागे उभी राहणार होती. गणपतीपासून तालीम चालली होती. नवीन परकर-पोलकं इस्त्री होऊन खुर्चीवर बसलं होतं. त्याच्याकडे पाहिलं की ती मनातल्या मनात धृपद घोकू लागे.

कपिलेला झालं होतं तरी काय? आप्पांनी पावसाळ्याआधी हँडब्रेक ओढून ती उभी केली, आणि ते विसरून गेले. चार महिन्यांच्या ओलीत मागच्या चाकाचा ब्रेक गंजून चिकटून बसला. चाक काढल्याशिवाय तो सुटणार नव्हता, आणि नट सुटल्याशिवाय चाक निघणार नव्हतं. आप्पांनी नटांवर तेल सोडलं, मोठा पाना लावला, पान्यावर उभे राहिले, शेवटी त्याच्यावर उडी मारली. पाना वाकला. आप्पाही वाकले, ते अजून नीट सरळ झाले नव्हते.

"दिवाळीत मी कॉम्प्रेसर आणलाय ना!" अक्काआजीला एकदम आठवलं. कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र) बाहेर आला. त्याला हवेची गन (हवेच्या जोरावर नटाला भराभर ठोसे देत फिरवणारं अवजार) जोडली. दाबाचा काटा आठावर गेला.

आप्पांनी डोळ्यांना चष्मा चढवला, नटाला गन लावली, घोडा दाबला. खडखडखडखड... खड... खड... फुस्स.

"फुस्स!" यंत्रमानवाने भक्तिभावाने उचललं.

त्याचं नाव गंधार. तो अक्काआजीचा साथीदार होता. छातीत पेटी बसवलेली, तोंडाने धृपद धरायचं, ही त्याची नेमणूक. त्यामुळे बोलणाऱ्याचे शेवटचे शब्द उचलायची खोड त्याला लागली होती, आणि ती कुठेच थांबत नसे.

"गनवर लिहिलंय सहाचा दाब पुरे," कृत्तिका म्हणाली. "काटा तर आठ दाखवत होता. मग ही दमते कशी?"

"शाब्बास! हाच प्रश्न," आप्पा वाकल्या वाकल्याच खुलले. आयुष्यभर त्यांनी विमानांच्या पंखांवरून हवा कशी वाहते ते मोजलं होतं. हवेचा विषय निघाला की त्यांना ठणका जाणवत नसे. "अक्का, हा कॉम्प्रेसर निवडलास तरी कशावरून?"

अक्काआजी ताठ बसली. "स्वरावरून. दुकानात सगळे चालू करून दाखवायला लावले मी. बाकीचे मेले बेसूर. हा एकटाच काळी चारमध्ये घुमतो. माझीच पट्टी! म्हटलं, घरात एखादं तरी यंत्र सुरात असावं."

"सुरात असावं!" गंधार म्हणाला.

आप्पांनी कपाळाला हात लावला, तिथे काळा पंजा उमटला. "कृत्तिके, इकडे ये. गंधार, छाती पुढे कर. आता एकदा भाता दे आणि हात काढून घे. कृत्तिके, तू एकच पट्टी दाबून धर."

कृत्तिकेने पट्टी दाबली. सूर लांबच लांब गेला.

"आता पुन्हा भाता, आणि या वेळी सगळ्या पट्ट्या एकदम."

तिने सबंध कोपर पेटीवर टेकवलं. भेसूर कल्लोळ उठला आणि दोन क्षणांत रडका होऊन विझला.

"माझी अब्रू!" गंधार कळवळला. हे मात्र त्याचे स्वतःचे शब्द होते.

"दोन्ही वेळा भाता तेवढाच भरलेला," आप्पा म्हणाले. "मग दुसऱ्या वेळी लवकर का संपला?"

"पट्ट्या जास्त होत्या. सगळ्यांतून हवा गेली." कृत्तिका म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ही गन बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्यासारखी आहे!"

"अगदी बरोबर. दाब (हवा किती जोराने ढकलते ते) वेगळा, आणि प्रवाह (दर मिनिटाला किती हवा मिळते ते) वेगळा. काटा फक्त दाब सांगतो. आपला पंप मिनिटाला जेमतेम साठ लिटर हवा देतो, आणि टाकी कळशीएवढी. गनने टाकीतली हवा तीन-चार सेकंदांत पिऊन टाकली, आणि पंप बिचारा मागून धावतोय."

"मग टाकी केवढीही मोठी घ्यावी!"

"अगं, टाकी हवा बनवत नाही, नुसती साठवते. मध्ये मध्ये थांबणाऱ्या अवजाराला साठा उपयोगी पडतो. नट सुटला की गन थांबते, तेवढ्यात टाकी पुन्हा भरते. पण न थांबता चालणारं अवजार असलं तर..."

"अरे बाळ्या!" अक्काआजी धाकट्या भावावर ओरडली आणि तिने जपमाळ आपटली. "पूर्वरंग फार लांबला! सूर्य बघ कुठे गेला."

सूर्य खरंच नारळीच्या शेंड्याखाली आला होता. 

आता एकच वाट होती. गावाच्या अवजारघरातून दुसरा कॉम्प्रेसर उसना मागवायचा. पण तिथला नियम कडक. एका घराला दिवसातून एकच यंत्र; चुकलं तर उद्या सकाळी. आप्पांचे हात तेलाने माखलेले आणि अक्काआजीवर आता कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून बोलायचं काम कृत्तिकेवर आलं. तिने अवजारघराला हाक मारली.

"नमस्कार," घराच्या भिंतीतून आवाज आला. "तीन कॉम्प्रेसर शिल्लक आहेत. पहिला, दाब तब्बल बारा! सर्वांचा लाडका."

"बारा!" गंधार मोहरला.

"नको. आम्हाला सहा पुरतो. पुढचा?"

"दुसरा. टाकी दोनशे लिटरची. अतिभव्य."

आप्पांनी मान डोलावली. "गनला तर छान चालेल हा. एकदा भरला की सगळे नट निघतील."

कृत्तिका हो म्हणणार, इतक्यात तिची नजर चाकावर गेली. "आप्पा, चाक निघाल्यावर काय करायचं?"

"मग ब्रेकचा डबा ठोकून काढायचा. आतला गंज हवेच्या घासणीने (गरगर फिरून गंज खरवडणाऱ्या अवजाराने) साफ करायचा."

"घासणी मध्ये थांबते?"

आप्पांनी जीभ चावली. मग हळूच म्हणाले, "नाही गं. ती सलग चालते. मिनिटाला अडीचशे लिटर तरी खाते."

"अवजारघर, त्या भव्य कॉम्प्रेसरचा पंप मिनिटाला किती हवा देतो?"

"सत्तर लिटर," आवाज जरा ओशाळला.

"म्हणजे घासणी टाकी संपवणार, आणि पुन्हा भरेपर्यंत आपण बसणार! तिसरा?"

"तिसरा. टाकी मध्यम, शंभर लिटरची. रंग उडालेला. कुणी नेत नाही. हवा साडेचारशे लिटर."

"ओढतो साडेचारशे की देतो साडेचारशे?" मागून आप्पांनी पुस्ती जोडली. "दाबताना काही हवा वाया जाते, हे त्याला विचार."

कृत्तिकेने विचारलं. "ओढतो साडेचारशे. देतो... सव्वातीनशे."

अडीचशे लागतात आणि सव्वातीनशे मिळतात. थोडी वरकड हाताशी. कृत्तिकेने एकदा आप्पांकडे पाहिलं. ते भुवया उंचावून वाट बघत राहिले.

"तिसराच पाठवा," ती म्हणाली. "आणि नळी आखूड, जाड पाठवा. लांब बारीक नळीतून हवेचा जीव जातो."

"याला वीज जास्त लागते. गीझरचं मोठं सॉकेट आहे का?" भिंतीने विचारलं.

"आहे!"

उडत्या हमालाने कॉम्प्रेसर अंगणात आणून ठेवला तेव्हा अक्काआजीने त्याच्याभोवती एक संशयी प्रदक्षिणा घातली. आप्पांनी टाकीखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढलं. "दाबलेली हवा निवली की तिच्यातली वाफ अशी पाणी होऊन बसते. आत राहिलं तर टाकी गंजते." मग सगळ्यांनी कानात बोळे घातले आणि बटण दाबलं.

ढणढणढण! अंगणातली कोंबडी छपरावर गेली.

"हा काळी चारमध्ये नाही!" अक्काआजी बोळ्यांवरून ओरडली. "पांढरी सहामध्येही नाही! दोन्हींच्या मधल्या फटीत घुमतोय! देवा, आजच्या दिवशी हे ऐकायचं होतं!"

"अक्का, नटाला स्वरज्ञान नसतं!" आप्पाही ओरडले आणि त्यांनी गन लावली.

खडखडखडखडखड! गन दमली नाही. गंजाचा भुगा उडाला, नट चरकला, आणि एकदम भिर्रकन फिरून हातात आला. कृत्तिकेने टुणकन उडी मारली. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक नटाला अक्काआजी नामाचा गजर करू लागली, आणि झील धरायची ती याच वेळी गंधार विसरला, कारण त्या फटीतल्या स्वराशी पेटी जुळवताना त्याचं डोकं फिरलं होतं.

चाक निघालं. डबा ठोकून सुटला. आप्पांनी नाकातोंडाला मुस्कं बांधलं, कृत्तिकेला चार हात लांब उभं केलं आणि घासणी लावली. ती सलग, एका लयीत घुरघुरत राहिली. काट्याचं हलणं जेमतेम. कृत्तिका त्या काट्याकडेच बघत होती. तो सहाच्या खाली आला नाही.

नट पुन्हा लावताना आप्पांनी गन बाजूला ठेवली. "सोडवायला गन, पण शेवटचं आवळायला हाताचा पाना. गन जोरात आवळते, आणि पुढच्या वेळी आपणच रडतो." अंगणातच मागे-पुढे करून त्यांनी ब्रेक तपासला, दोनदा. मग कपिलेने धूर सोडला आणि चौघांना घेऊन ती नकाशात नसलेल्या रस्त्याला लागली.

देवळात मंडळी वाट बघत होती. परकराची इस्त्री केव्हाच मोडली होती. अक्काआजी उभी राहिली. मागे झांज घेऊन कृत्तिका उभी राहिली. पहिल्या धृपदाला तिचा आवाज कापला, दुसऱ्याला सापडला, आणि तिसऱ्याला समोरच्या बायका तिच्याबरोबर गाऊ लागल्या. अनसूयेच्या अंगणातली गोष्ट सांगता सांगता अक्काआजीने जन्माच्या पदाला हात घातला, आणि डोंगरामागे सूर्य टेकत असताना पाळणा हलला. गुलाल उडाला. कृत्तिका इतक्या जोरात झांज वाजवत होती की गुरवकाकांनी हसून कानावर हात ठेवले.

सुंठवडा वाटताना मात्र तेच गुरवकाका तिच्यापाशी थबकले. "हात काळे गं तुझे."

"चारदा धुतले. वंगण आहे, जातच नाही."

"तिचा कॉम्प्रेसर नसता, तर आज जन्म आमच्या अंगणात करावा लागला असता," अक्काआजी म्हणाली. "बेसूर आहे मेला. पण निवड अचूक."

गुरवकाकांनी बाहेर उभ्या असलेल्या कपिलेकडे पाहिलं. एक मूठ सुंठवडा कृत्तिकेच्या हातावर ठेवला, मग आणखी एक. "हा तुमच्या गाईच्या वाटचा."

कपिलेच्या गरम बॉनेटला टेकून आप्पा कंबर शेकत होते. पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र आला होता, आणि त्याच्यापासून थोडं दूर एक तांबूस ठिपका.

"तो मंगळ," आप्पा म्हणाले.

"तिथे नट अडकला तर?"

"पंचाईत! तिथल्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्श्याएवढासुद्धा नाही. कॉम्प्रेसरने कितीही तोंड उघडलं तरी घासात येणार काय?"

"मग आपल्याला खूप मोठे घास घेणारा पंप लागेल," कृत्तिका म्हणाली. "पण आधी, तिथे कोणतं अवजार चालवायचं ते ठरवायला हवं."

"ठरव की. तू मोठी होशील तेव्हा तिथे माणसं राहायला गेलेली असतील. त्यांच्याही गाड्या अडतील."

"आणि तिथे देऊळ झालं की मला कळवा," अक्काआजी गाडीत बसत म्हणाली. "पट्टी तिथल्या कॉम्प्रेसरला विचारून ठरवू."

"विचारून ठरवू!" गंधार म्हणाला.

कृत्तिकेने कपिलेला एकदा सुंठवडा दाखवला. मग तो कपिलेच्या वतीने खात ती मंगळाकडे बघत राहिली.