दोनशे बारा आणि दोनशे तेरा

चौतीस वर्षं मी रुग्णालयाच्या तपासणी विभागात काप काढले. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद काचेवर उचलायचा. हात गलथान असला, की एका रुग्णाचे कण पाण्यात राहतात आणि दुसऱ्याच्या काचेवर चिकटतात. माझ्या पाण्यात कधी कण सापडला नाही. विभागातल्या मुली मागून मला ‘पाणीवाली’ म्हणत. म्हणोत बापड्या.

एके वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या अंडाशयात कर्करोगाची गाठ निघाली. तिचा ठोकळा दोनशे बारा. दोनशे तेरा एका शिवणवाल्या बाईंचा, आजार तोच. दोन्ही मीच कापले.

काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. “गाठी दोघींच्या सारख्याच. आता भोवतालचा भाग बघ. शिवणवाल्या बाईंच्या गाठीला या काळ्या, गोल पेशींनी वेढा घातलाय. शरीर लढतंय. अशा बायका बहुतेक तरतात.”

“आणि ताई?”

त्यांनी दोनशे बाराची काच भिंगाखाली सरकवली. ताईच्या गाठीभोवती नुसता ओसाड माळ होता.

शिवणवाल्या बाई अहवाल न्यायला आल्या, त्या हसतच. “काच तुमच्या हातची ना? हाताला यश आहे हो तुमच्या! तुमच्या पोलक्याची ही बाही मात्र कुणी बिघडवली? आणा एकदा, नीट करून देते.”

आठवड्याने बाहेरच्या तज्ज्ञांना पाठवायला ताईचा आणखी एक काप हवा होता. मी तो काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा तपासला.

“पाणी बदललं होतंस?”

“हे मला विचारता?”

“मग या कुठून आल्या?”

ताईच्या गाठीभोवती काळ्या पेशी होत्या. मेणातलं मांस मेलेलं असतं. त्यात काही उगवत नाही.

मी त्यांच्या देखत भांडं घासलं, नवं पाणी भरलं, नवं पातं लावलं. तिसरा काप काढला. पेशी आणखी दाट झाल्या होत्या.

“पहिला काप वेगळ्या थरातला असणार,” त्या म्हणाल्या आणि अहवाल बदलून लिहिला. माझं पाणी स्वच्छ ठरलं. माझी मान ताठ झाली.

दुपारी ठोकळा परत ठेवायला कप्पा उघडला. शेजारच्या दोनशे तेराच्या मेणाला ताईच्या ठोकळ्याच्या बाजूने खळगा पडला होता.

मी तोही कापला.

गाठ होती तशीच होती. भोवती पेशी नव्हत्या. त्यांच्या जागी बारीक, गोल, रिकामी भोकं होती.

ती काच मी कुणाला दाखवली नाही.

ताईचा ठोकळा वेगळा ठेवायला खालचा कप्पा रिकामा होता. पण ठोकळे क्रमानंच ठेवायचे, असा नियम होता, आणि नियम मी कधीच मोडला नाही.

शिवणवाल्या बाई पुढच्या तपासणीला आल्या नाहीत. ताई आता नव्वदीची आहे. जिना चढताना माझा हातसुद्धा धरत नाही. “तुझ्या हातानं वाचले गं,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि मला अजून अभिमान वाटतो.

त्या दुपारी कप्प्यात दोन ठोकळ्यांमध्ये नखाएवढी फट राहिली होती. ताईचा ठोकळा बोटानं सरकवून ती मी मिटवली.