कोपऱ्याला कागदीच!

"जाळीची टेप द्या. दोन रोल."

मान वर न करता मी विचारलं, "कशासाठी?"

"टेप कशाला लागते? चिकटवायला!"

आता मात्र मी वर पाहिलं. केसांवर पांढरी धूळ, कानामागे पेन्सिल, आणि ओठांवर अगदी बिनधास्त हसू. बाबांच्या या हार्डवेअरच्या दुकानात मी सहा वर्षं उभी आहे. गोड हसणाऱ्या गिऱ्हाइकांना मी भुलत नाही. सहसा.

"जिप्सम बोर्डाचे सांधे भरायचे ना? पुट्टी कुठली — डब्यातली तयार?"

"हो."

"मग कागदी न्या. तयार पुट्टीत जाळी दम धरत नाही. कोपऱ्यात तर मुळीच नाही."

"कागदीला फुगे येतात."

"हात कच्चा असला की येतात."

तो खळखळून हसला — आणि जाळीचेच दोन रोल घेऊन गेला. मला असा राग आला!

आठव्या दिवशी स्वारी परत हजर. हसू मात्र गायब.

"भेग पडली," तो म्हणाला. "दोन्ही कोपऱ्यांत."

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना, आणि त्याचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलंच काम. ही एक खोली नीट झाली तर पुढच्या चार त्याला मिळणार होत्या. नाही तर परत लांबच्या गावी, दादाच्या हाताखाली. तो जाऊ नये, असं मला एकदम वाटलं. गिऱ्हाइकाबद्दल कुणाला असं वाटतं का? काय ते मी तेव्हाच ओळखलं.

'मी सांगितलं होतं' हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कागदी टेप उचलली आणि म्हणाले, "बाबा, दुकान बघा. आलेच मी."

दवाखान्यात त्याने दोन्ही कोपरे खरवडून ठेवले होते.

"आधी पुट्टीचा थर. आता टेपला मधोमध घडी घाला. जाळीला अशी घडी बसत नाही, म्हणून ती कोपऱ्यात दगा देते. बसवा... आणि पट्टीने मधून बाहेर दाबत न्या."

"असं?"

"एवढ्या जोरात काय! खालची सगळी पुट्टी निघून येईल." मी त्याच्या हातावर हात ठेवून पट्टी फिरवली. एक फुगा अडकला होता, तो सरकत सरकत कडेने निघून गेला. हात मात्र कुणीच काढला नाही...

"दुसरा कोपरा मी करतो," तो एकदम म्हणाला. "तुम्ही जरा तिकडे तोंड करा."

"का?"

"कुणी बघत असलं की माझा हात कच्चा पडतो."

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई काम बघायला आल्या. त्याने मलाही बोलावलं होतं. बाईंनी टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकला. अशा उजेडात केसाएवढी भेगही लपत नाही. मी श्वास रोखून उभी. दोन्ही कोपरे स्वच्छ, सरळ!

"पुढच्या खोल्याही तुम्हीच करा," म्हणून बाई गेल्या.

"बघितलंत? आता वर्षानुवर्षं हलणार नाही," मी ऐटीत म्हणाले.

"तीच तर पंचाईत झाली," तो कानामागची पेन्सिल चाचपत म्हणाला. "त्या दुसऱ्या कोपऱ्यात, टेपच्या खाली, मी बोर्डावर काहीतरी लिहिलंय. तुमच्यासाठी. पुन्हा भेग पडली असती तर बाईंनी तुम्हालाच बोलावलं असतं, आणि टेप काढताना तुम्ही वाचलं असतं... मी दादाकडे गेल्यावर."

"आणि आता?"

"आता..."

"आता तोंडाने सांगा. एवढी चांगली भिंत मी फोडणार नाही."

त्याचे कान लाल झाले. पण नजर हलली नाही.

"मला तू आवडतेस. फार. अगदी त्या पहिल्या दिवसापासून."

"मलाही तू आवडतोस," मी सरळ सांगून टाकलं. "पण मग त्या दिवशी माझं ऐकलं का नाहीस?"

"ऐकत कुठे होतो?" तो म्हणाला. "बघत होतो."