तेरावी ओळ

इस्पितळात सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत. अतिदक्षता विभागातल्या बारा खाटांवरच्या पेशंटचे नाडीचे ठोके एका पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला होता, वीस वर्षांपूर्वीचा. ज्या मशीनवर तो चालायचा, ते कपाटाएवढं धूड आता अखेरच्या घटका मोजत होतं. प्रोग्रॅम तोच ठेवून नव्या मशीनच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचा, एवढंच तिचं काम. तळघरातल्या खोलीत तीन दिवस बसून तिनं कुरकुरणाऱ्या ओळी एकेक करून ताळ्यावर आणल्या. चौथ्या दिवशी सकाळी अकराला प्रोग्रॅम सुरू झाला.

पडद्यावर तेरा ओळी होत्या. तेराव्या ओळीत ठोके ७४.

तिला हसू आलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं यादीत सोळा खाटांची जागा राखली होती आणि शून्य दिसलं की यादी तिथंच थांबवायची, असं ठरवलं होतं; रिकाम्या जागेत शून्य भरायचं मात्र तो विसरला होता. जुनी सिस्टीम कोरी पाटी हातात द्यायची, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्या सिस्टीमनं मेमरीत आधी पडलेल्या आकड्यांचं खरकटं तसंच पुढे केलं होतं.

पण खरकटं हलत नाही. हे हलत होतं. ७४, ७६, ७३.

तिनं वरच्या विभागातून येणारी तार काढली. बारा ओळी थिजल्या. तेरावी चालूच.

ती जिने चढून तिसऱ्या मजल्यावरच्या विभागात गेली. मोठ्या सिस्टर औषधांचा ट्रे लावत होत्या.

"सिस्टर, खाटा बाराच ना?"

"बाराच. तेरावी टाकायला जागा तरी आहे का, ताई?"

ती धापा टाकत परत आली तेव्हा पडद्यावर १२१ होते. ती बसली. ११०, १०२, ९५. मग तिनं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. ८८.

पडद्यावरही ८८.

घरी नवऱ्यानं विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. काम."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे साहेब आले. तेरावी ओळ बघून म्हणाले, "अगं, एवढ्यासाठी अडून बसलीस? शून्य भर आणि मोकळी हो."

"उद्या करते, साहेब."

"उद्या कशाला?" त्यांनी कीबोर्ड ओढला आणि एक ओळ लिहिली. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार? त्यांनी बटण दाबलं.

तेरावी ओळ गेली.

पंख्याचा आवाज थांबला. साहेबांचे ओठ हलत होते. छातीत दुखत नव्हतं; तिथं काहीच नव्हतं. हात टेबलावर कुठेतरी होता, तो तिनं बटणापर्यंत सरकवला आणि प्रोग्रॅम बंद केला.

आवाज परत आला.

"...पांढरीफटक पडलीस. जेवली नाहीस का?"

साहेब पाणी आणायला गेले, तेवढ्यात तिनं त्यांची ओळ खोडली. विभागातल्या पडद्यावर बाराच ओळी दिसतील, अशी सोय केली. आतल्या जागेला हात लावला नाही. तिथं एवढंच लिहून ठेवलं, 'इथे शून्य भरू नये.' कारण लिहिलं नाही. सगळ्या ओळी फक्त तळघरातल्या तिच्या पडद्यावर दिसत राहिल्या.

दीड महिन्यानं मोठ्या सिस्टर कुठल्याशा कागदावर तिची सही घ्यायला खाली आल्या. पडद्याकडे बघून त्यांनी चष्मा सारखा केला.

"ताई, खाटा बाराच ना? मग हे तेरावं, चौदावं कोण?"

ती वळली. चौदावी ओळ काल नव्हती. ठोके १५८.

"मशीनची चूक असेल," ती म्हणाली.

"असेल. पण मी नऊ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलीत. एवढे भरभर ठोके पोटातल्या बाळाचे असतात. दोनेक महिन्यांचं असलं तर."

सिस्टर कागद घेऊन गेल्या. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि बोटांवर दिवस मोजले. मग पुन्हा मोजले.

पडद्यावर तेरावा आकडा चढत चालला होता. चौदावा आपला तसाच, १५८, १५८, १५८.